हलूनकाचा श्वास

तर ते स्टूल. काल गोष्ट अर्धी ठेवून मी उठलो तेव्हा आपण त्या स्टुलापर्यंत आलो होतो. गोल, फिरतं, खालचा स्क्रू सैल झालेलं. माझ्या भाच्याच्या फोटो स्टुडिओत जो येतो तो आधी त्याच्यावर बसतो, बसला की ते कुरकुरतं आणि माणूस दचकून ताठ होतो. भाचा म्हणतो, स्क्रू मी मुद्दाम आवळत नाही, सरळ बसा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. मग तो हनुवटी खाली घ्यायला लावतो, मान उजवीकडे, जराशी, अहो जराशी म्हटलं, आणि कॅमेऱ्यामागे जाऊन म्हणतो, "हलू नका." दिवसभर हेच. शेवटी लोकांनी त्याचं नावच हलूनका पाडलं. खरं नाव आता फक्त माझ्या आणि विजेच्या बिलाच्या लक्षात आहे.

फोटो काढणं हा त्याचा धंदा आणि काळजी करणं हा जोडधंदा. दुकानाचं शटर ओढून कुलूप लावेल, कोपऱ्यापर्यंत जाईल, तिथून परत येऊन कुलूप हिसडून बघेल. फोटो काढून झाल्यावर समोरच्यालाच विचारेल, "डोळे मिटले नव्हते ना?" आता डोळे मिटलेल्या माणसाला ते कसं कळणार, पण विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

त्याची मोठी बहीण म्हणजे आमची अक्का. तिला सगळेच अक्का म्हणतात, मीसुद्धा, मामा असून. माझी बहीण, म्हणजे या दोघांची आई, लवकर गेली. तेव्हापासून अक्कानं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवून भावाला वाढवलं. जाड रेक्झिन, त्याहून जाड सुई, आणि उजव्या हातानं कापड ढकलत राहायचं. स्टुडिओ काढला तेव्हा मागचा पांढरा पडदा तिनंच शिवून दिला. म्हणजे बघा, आमच्याकडच्या प्रत्येक माणसाच्या ओळखपत्रावर त्याच्या डोक्यामागे अक्काचा पडदा आहे. आणि अक्काचा स्वतःचा एक धड फोटो नाही. कॅमेरा समोर आला की तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होतो. हलूनकानं किती वेळा त्या स्टुलावर बसवलं असेल, पण दर वेळी फोटोत कुणीतरी भलतीच, रागावलेली बाई यायची.

अक्काला नाद एकच, गळ टाकायचा. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साठलं आणि मोठं तळं झालं. सुट्टीच्या दिवशी तिथं चार-दोन नादिष्ट काठ्या घेऊन बसतात. त्यांचा नियम असा की मासा धरायचा, बघायचा आणि परत सोडायचा. गळाच्या टोकाचा उलटा काटाही ते पक्कडीनं चेपून टाकतात, म्हणजे काढताना माशाचं तोंड फाटत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अक्काला म्हटलं, खायचा नाही तर धरायचा कशाला? ती म्हणाली, "मामा, तुम्ही नातवाला उचलून घेता, ते काय खायला?"

आता मासा घरी आणायचा नाही म्हटल्यावर हातात उरतो फक्त फोटो. म्हणून हलूनका बहिणीबरोबर जाऊ लागला, आणि तिथं त्याच्या काळजीला नवीन कुरण मिळालं. स्टुडिओतलं गिऱ्हाईक हललं तर फोटो बिघडतो. इथं नाही हललं तर? तो तळ्यावरच्या सगळ्यांचा फोटोवाला झाला आणि सगळ्यांच्या डोक्याला तापही. मासा उचलायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यांत बोटं घालू नका. पोटाखाली हात द्या. उभे राहू नका, पाण्यालगत गुडघ्यावर बसा, निसटला तर पाण्यातच पडू दे. आणि मासा मोठा दिसावा म्हणून हात लांब करून कॅमेऱ्याच्या नाकाशी आणू नका. पेट्रोल पंपावर काम करणारा एक गडी तिथं यायचा, त्याला ही खोड फार. हलूनकानं त्याला एकदा सुनावलं, तुझा मासा मोठा दिसत नाही, तुझे हात भोपळ्याएवढे दिसतात.

पण खरा नियम वेगळाच होता, आणि तो हलूनकानं स्वतःला घालून घेतला होता. मासा पाण्याबाहेर आला की हा आपला श्वास धरायचा. माशाला बाहेर श्वास नाही, तर मलाही नाही. याचा दम संपत आला की बोलता यायचं नाही म्हणून हात खाली हलवायचा, आणि मासा असेल तसा पाण्यात जायचा. फोटो आला तर आला. आणि एका माशाला उचलायचं एकदाच, पुन्हा नाही. तोंड लाल झालेला हा माणूस बघून पंपवाला ओरडायचा, "अरे, आधी हलूनकाला पाण्यात सोडा." हसायचे सगळे, पण नियम कुणी मोडायचं नाही.

त्या तळ्यात एक जुना मासा होता. ओठांशी मिशा, शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला. लोक त्याला इन्स्पेक्टर म्हणायचे, कारण यायचा, गळाला लावलेलं तपासायचा आणि निघून जायचा. अक्काच्या गळाला तो दोनदा लागला आणि दोन्ही वेळा काठाशी येऊन सुटला. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं, एकदा या इन्स्पेक्टरबरोबर फोटो. नंतर सुखानं जाऊ दे त्याला.

आणि मग खांद्याच्या दुखण्यानं उचल खाल्ली. इतकी वर्षं रेक्झिन ढकललेला उजवा खांदा वर जाईना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, नंतर हात चालेल, पण गळ फेकणं विसरा. तारीख ठरली. तिच्याआधी सुट्टीचा एकच दिवस उरला होता.

अक्कानं सीटच्या कव्हरांतून उरलेल्या रेक्झिनचा एक मासा शिवला. खरोखर. पोटात वाळू भरली, शेपूट लावली, शिलाई दुहेरी मारली, आणि भावाला म्हणाली, तालीम करू. त्यांच्या मागच्या अंगणात मोठा टब भरून ठेवला. अक्का गुडघ्यावर बसून रेक्झिनचा मासा उचलायची, हलूनका श्वास धरून फोटो काढायचा, मी खुर्चीत बसून पंच. मला आधी गंमत वाटली. मग दिसलं की मासा उचलताना अक्काचा खांदा थरथरतोय आणि ती ओठ दाबून धरतेय. एकदा उचलला की पुढच्या वेळी तिला हात टेकवून बसावं लागायचं. हलूनकानंही ते पाहिलं. कॅमेऱ्यातून त्याला सगळं दिसतं.

काळजीचं असं असतं की ती जागा शोधत असते. त्याच आठवड्यात हलूनकाला सर्दी झाली आणि तिच्या मागून खोकला. श्वास धरला की छातीत खवखव, आणि मासा वर यायच्या आत याचं खोकणं सुरू. वाफ घेतली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, केमिस्टनं सांगितलेल्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या. गिऱ्हाइकाला "हलू नका" म्हणायचा आणि स्वतः खोकून कॅमेरा हलवायचा. मी म्हटलं, अरे, श्वास नाही धरलास तर काय आभाळ कोसळणार आहे? घड्याळ लाव. तो माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी त्याला स्टूल विकायला सांगितलं. म्हणाला, घड्याळाला गुदमरत नाही, मामा.

तो दिवस उजाडला तो ढगाळ. मीही गेलो, चहाचा थर्मास माझ्याकडे. खाणीच्या कडेला थंडी बोचत होती. पंपवाला पलीकडच्या दगडावर बसला होता, बाकी कुणी नाही. अक्कानं गळ फेकला. फेकताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तो आम्ही ऐकला नाही असं दोघांनीही दाखवलं. मग वाट बघणं. हलूनका कॅमेऱ्याची काच पुसतोय, बॅटरी काढून परत घालतोय, आभाळाकडे बघतोय, खिशातल्या गोळ्या चघळतोय. मध्येच विचारायचा, खांदा दुखतोय का? शेवटी अक्का म्हणाली, "तू विचारलंस की दुखतो." मग तो मला विचारू लागला, मामा, तिचा खांदा दुखत असेल का?

चहा संपला, दुपार कलायला आली. अक्काच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा ते दिसलं, की आता नाही मिळत बहुतेक. आणि त्याच वेळी काठीवरचं रीळ कर्रकन फिरलं.

तो इन्स्पेक्टरच होता हे पहिल्या ओढीतच कळलं. दोरा सरळ खोल पाण्याकडे गेला. अक्का दोन्ही पाय दगडाला लावून मागे रेलली. पंपवाला धावत आला, काठी घेऊ का म्हणाला. ती मान हलवून नाही म्हणाली. हलूनका तिच्या एका बाजूला जायचा, मग दुसऱ्या. त्याला एकाच वेळी दोन भीती होत्या. जोरात ओढलं तर दोरा तुटणार, हळू ओढलं तर मासा दमून दमून अर्धमेला होणार. "सावकाश, अक्का," म्हणायचा आणि लगेच "लवकर, अक्का." ती म्हणाली, "एक काहीतरी ठरव." तिच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत.

शेवटी मिशा दिसल्या. पंपवाल्यानं जाळी खाली घातली आणि इन्स्पेक्टर जाळीत आला, पाण्यातच. फाटकी शेपूट आम्ही सगळ्यांनी पाहिली. अक्कानं हात ओले केले, गळ अलगद काढला, तो चेपलेला काटा लोण्यातून यावा तसा बाहेर आला. गुडघ्यावर बसली. पोटाखाली एक हात, शेपटीपाशी एक. भावाकडे पाहिलं. हलूनकानं कॅमेरा डोळ्याला लावला, मान हलवली, मोठा श्वास घेतला. तिनं मासा उचलला.

आणि याला खोकला आला.

साधा नाही. कमरेतून वाकवणारा. कॅमेरा आभाळाकडे गेला, बटण दाबलं गेलं, आणि खोकताखोकताच याचा हात खाली हलला, सवयीनं. अक्कानं मासा त्याच क्षणी पाण्यात ठेवला. तिनं जरासुद्धा वेळ लावला नाही. फोटोत आलं काय, तर तिच्या बाहीचं टोक आणि ढग.

पंपवाला म्हणाला, "उचल की परत. खोकला मोजत नाहीत." अक्का मासा पाण्यात धरून बसली होती आणि भावाकडे बघत होती. ती मागत नव्हती, पण त्यानं हो म्हटलं असतं तर तिनं उचलला असता, त्या खांद्यानंही. तिला तो फोटो किती हवा होता ते माझ्याइतकंच त्याला माहीत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या खांद्याकडे बघत होता, तो थडथड उडत होता. मग माशाच्या कल्ल्यांकडे बघितलं, तेही भरभर उघडत मिटत होते.

"नको," तो म्हणाला.

अक्कानं मान खाली घातली. संपलं, असं मला वाटलं. मी रिकामा थर्मास आवरू लागलो.

तेवढ्यात पाण्याची खळखळ ऐकू आली. वर पाहतो तर हलूनका बूट-मोज्यांसकट पाण्यात. खोकला झालेला माणूस, त्या थंडीत, कमरेइतक्या पाण्यात. कॅमेरा हनुवटीशी धरलेला. मी ओरडलो, अरे, छाती भरेल. त्यानं ऐकलं नाही. अक्काला म्हणाला, उचलू नकोस, पाण्यातच राहू दे त्याला, नुसता वरच्या वर धर, पाठ दिसेल एवढा. आणि स्वतः इतका खाली वाकला की कॅमेरा पाण्याला टेकतो की काय. आता श्वास धरायचं कारणच नव्हतं. मासा पाण्यात होता. हा खोकत होता, थांबत होता, बटण दाबत होता, परत खोकत होता. हनुवटी खाली नाही, मान उजवीकडे नाही. अक्का त्याच्याकडे बघतही नव्हती. ती इन्स्पेक्टरच्या मिशांकडे बघत होती आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती. काय ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

मग तिनं हात सैल केले, आणि मासा गेला नाही.

तिथंच राहिला. हळूहळू एका कुशीवर कलू लागला, पोटाची पांढरी बाजू दिसू लागली. हलूनकानं कॅमेरा गळ्यात मागे टाकला आणि दोन्ही हातांनी शेपटीकडची बाजू सरळ धरली. अक्का तोंडाकडे, हा शेपटीकडे, दोघं पाण्यात वाकून. फार झुंज झाली, असं तो म्हणत राहिला. फार वेळ झाला. मी हळू म्हणायला नको होतं. अक्का म्हणाली, गप्प बस आणि धर. तिचा खांदा गेला असणार, पण तिनं हात काढला नाही. कल्ला उघडायचा, मग बराच वेळ नाही. आम्ही सगळे त्या एका कल्ल्याकडे बघत होतो.

एकदा शेपटीनं हलूनकाच्या मनगटाला धक्का दिला. पुन्हा एकदा. आणि मग मासा त्यांच्या हातातून घसरून खाली गेला.

घसरला की पोहला? हा प्रश्न मी नाही, हलूनकानंच विचारला, काठावर यायच्या आधी. त्यांच्या पायांनी गाळ उठून पाणी गढूळ झालं होतं, कुणालाच दिसलं नव्हतं. अक्का म्हणाली पोहला. पंपवाला म्हणाला, पोहला असेल. हे 'असेल' हलूनकानं घरी नेलं.

ऑपरेशन झालं, नीट झालं. दवाखान्यात अक्कानं शुद्धीवर येताच फोटो मागितला. हा म्हणाला, रंग जुळवतोय. घरी आली, हात गळ्यात बांधलेला, परत मागितला. हा म्हणाला, कागद यायचाय. खरं काय ते मला माहीत होतं. सकाळी शटर उघडायच्या आधी तो खाणीवर जायचा आणि सगळ्या काठानं फिरायचा. पाण्यावर पांढरं काही तरंगतंय का बघायचा. एकदा प्लास्टिकची पिशवी दिसली, तर खाली उतरून काठीनं ओढून बघितली. छातीत कफ होताच. मी त्याला झापलं. तो म्हणाला, मामा, मेलेल्या माशाचा शेवटचा फोटो मी तिला कसा देऊ?

शेवटी अक्काच दुकानात गेली. त्या स्टुलावर बसली, ते कुरकुरलं, पण ती काही ताठ झाली नाही. म्हणाली, "मेला असेल तरी तेव्हा जिवंत होता. छाप."

त्यानं छापला. मी बघितला तेव्हा, काय सांगू, मला आधी अक्का ओळखूच आली नाही. खालच्या अर्ध्यात पाणी, पाण्यात इन्स्पेक्टरची पाठ, एकेक खवला मोजून घ्यावा असा, ओल्या मिशा, एक डोळा. आणि त्याच्यावर वाकलेला आमच्या अक्काचा चेहरा, कपाळावर केस चिकटलेले, ओठ काहीतरी बोलताना अर्धे उघडे. तिच्या आईचा चेहरा होता तो. इतकी वर्षं स्टुलावर बसवून जो मिळाला नव्हता. अक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, माझ्या बाहीची शिलाई उसवलीय, हे तेव्हाच सांगायचंस. एवढंच. पण फोटो तिनंच दुकानाच्या दर्शनी काचेत लावायला लावला, आणि दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून दुकानावरून जाऊ लागली.

हलूनका मात्र त्या काचेकडे पाठ करून बसायचा. लोक आत येऊन कौतुक करायचे, तर हा त्यांची हनुवटी खाली करायला लागायचा. मी एकदा विचारलं, अरे, एवढा चांगला फोटो आयुष्यात काढला नाहीस. तो म्हणाला, मामा, तो पोहला का?

असेच दिवस गेले. अक्काचा हात गळ्यातून सुटला, ती डाव्या हातानं रीळ फिरवायची तालीम करू लागली, डॉक्टरांना न सांगता. अन् एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत पेपर वाचत बसलो होतो, तर पंपवाला दारात. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, हातात मोबाइल. आत यायलाच तयार नाही. म्हणाला, फोटो आहे, पण तुला दाखवायची लाज वाटते. तू एवढं शिकवलंस आणि मी हा असा काढला. एका हातात मासा, एका हातात मोबाइल, काय करणार? हात तेवढे ओले केले होते, शप्पथ.

हलूनकानं मोबाइल त्याच्या हातातून घेतला. मी मागून डोकावलो. कोपऱ्यात पंपवाल्याचं बोट. आभाळ तिरकं. मध्ये एक करडा पट्टा, कुणी ओल्या कापडानं पुसल्यासारखा. पण एका टोकाला मिशा होत्या. आणि दुसऱ्या टोकाला, पुसट का होईना, वरचा कोपरा फाटलेली शेपूट. पंपवाला सांगत होता, आज सकाळी लागला, नुसता उचलला तर अशी उसळी मारली की माझ्या तोंडावर पाणी, आणि गेला सुसाट, मला बघायलाही मिळालं नाही.

हलूनका मागे सरकला आणि स्वतःच त्या गोल स्टुलावर बसला. स्टूल कुरकुरलं. तो काही ताठ झाला नाही. मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. मला दिसलं की तो श्वास धरून बसलाय, आणि मग त्यानं तो सोडला, खूप दिवसांचा, आणि खोकला काही आला नाही.

पंपवाला अजून दारातच उभा होता. ओशाळून म्हणाला, "काय करू, मासा हलला रे. सगळा फोटो बिघडला."

"हलला ना? मग पाठव इकडे. मोठा करून अक्काच्या शेजारी लावतो."